केबी ७२६ चा मिड-अपर गनर: एका साक्षीवर उभी राहिलेली आठवण

१३ जून १९४४ च्या पहाटे इंग्लंडच्या उत्तर भागातल्या मिडलटन सेंट जॉर्ज तळावर केबी ७२६ हे लँकॅस्टर जातीचे बॉम्बफेकी विमान परतले नाही. अशा विमानाबद्दल स्क्वॉड्रनच्या दप्तरात फार काही लिहिले जात नसे. सात जणांची नावे, उड्डाणाची वेळ, लक्ष्य, आणि शेवटी ‘परतले नाही’. त्यांतला एक, अँड्र्यू चार्ल्स मिनार्स्की, त्या दिवशी कागदावर इतर हजारोंसारखाच बेपत्ता होता. आज कॅनडातल्या विनिपेगमध्ये त्याच्या नावाची शाळा आहे, मॅनिटोबाच्या उत्तरेला त्याच्या नावाची तळी आहेत आणि त्याच्या स्मरणार्थ एक लँकॅस्टर अजून उडते. त्या ‘परतले नाही’पासून इथवर मजल कशी आली आणि वाटेत सगळे कुठे थांबले असते, ते या प्रकरणात पाहायचे आहे.

माणूस

जन्म १४ ऑक्टोबर १९१६, विनिपेग. आईवडील पोलंडहून आलेले. तो सोळा वर्षांचा असताना वडील गेले आणि घर चालवायला त्याने फरच्या व्यापाऱ्याकडे कातडी कापायचे काम धरले. नोव्हेंबर १९४१ मध्ये तो रॉयल कॅनेडियन एअर फोर्समध्ये भरती झाला. आधी त्याला वायरलेस ऑपरेटरच्या प्रशिक्षणाला घातले होते, पण मोर्सच्या टिंब-रेघांच्या लिपीने दगा दिला आणि रवानगी गनरच्या शाळेत झाली. १९४३ च्या सुरुवातीला तो इंग्लंडला पोहोचला, आणि १९४४ च्या वसंतात ४१९ स्क्वॉड्रनमध्ये आला. ही कॅनडाच्या ६ क्रमांकाच्या बॉम्बर ग्रुपमधली तुकडी.

लँकॅस्टरवर सात जण असत: वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब एमर, वायरलेस ऑपरेटर आणि दोन गनर. मिनार्स्कीची जागा विमानाच्या पाठीवरच्या टरेटमध्ये (बंदुका बसवलेल्या फिरत्या घुमटात), म्हणून त्याला मिड-अपर गनर म्हणत. शेपटीच्या टरेटमध्ये पॅट ब्रॉफी, त्याचा जिवलग दोस्त. ब्रॉफी अधिकारी होता, मिनार्स्की जूनपर्यंत वॉरंट ऑफिसरच. रात्री निरोप घेताना तो गमतीने ताठ उभा राहायचा, सलाम ठोकायचा आणि ‘गुड नाइट, सर’ म्हणायचा, असे ब्रॉफीने नंतर सांगितले. पुढे या थट्टेचेच पुराव्यात रूपांतर झाले, म्हणून ती इथे नोंदवली.

रात्र

नॉर्मंडीत सैन्य उतरून आठवडाही झाला नव्हता. जर्मन कुमक आघाडीवर पोहोचू नये म्हणून फ्रान्समधल्या रेल्वे जंक्शनांवर बॉम्बहल्ले चालू होते. त्या रात्री या विमानाचे लक्ष्य होते कॅम्ब्रे इथले रेल्वे यार्ड. चमूची ही तेरावी मोहीम, आणि मध्यरात्रीनंतर तारीखही तेराच. या तेराचा गाजावाजा खूप झाला आहे. अशा आकड्यांकडे थोडे तिरक्या नजरेने बघावे, कारण आकडे जुळले की त्यांच्याभोवती गोष्टी आपोआप गोळा होतात. उड्डाणाआधी गवतात सापडलेले, शुभ मानले जाणारे चार पानांचे क्लोव्हर मिनार्स्कीने ब्रॉफीला दिले, हेही आपल्याला ब्रॉफीमुळेच माहीत आहे.

फ्रान्सचा किनारा ओलांडल्यावर विमान सर्चलाइटच्या झोतात सापडले. वैमानिक आर्ट द ब्रेनने कलाबाजी करून ते अंधारात नेले. थोड्याच वेळात मागून, खालच्या अंगाने एक युंकर्स ८८ हे जर्मन लढाऊ विमान आले. लँकॅस्टरला पोटाखाली बंदूक नव्हती आणि तिथले कोणाला दिसतही नसे. रात्रीच्या जर्मन लढाऊ विमानांना हा आंधळा कोपरा पाठ होता.

गोळे लागले ते डाव्या बाजूला. डावी दोन्ही इंजिने गेली, डाव्या पंखाने पेट घेतला, आणि दुसरी आग लागली विमानाच्या आत, दोन्ही गनरच्या मधोमध.

टरेट का अडकला

या प्रकरणाचा जीव इथे आहे. मिनार्स्कीने काय केले हे समजायला शेपटीचा टरेट कसा चालायचा हे आधी कळले पाहिजे.

लँकॅस्टरच्या शेपटीला फ्रेझर-नॅशचा एफएन-२० टरेट असे. त्यात ०.३०३ इंची चार ब्राउनिंग बंदुका. काडतुसांच्या माळा विमानाच्या आतून लांबलचक पन्हळींमधून मागे सरकत येत. टरेट फिरवायला हायड्रॉलिक तेलाचा दाब लागे. प्रत्येक टरेटला वेगळ्या इंजिनावरचा पंप दाब पुरवी. एक इंजिन बंद पडले तर सगळे टरेट एकदम निकामी होऊ नयेत, हा त्यामागचा विचार. शेपटीच्या टरेटचा पंप होता डाव्या बाहेरच्या इंजिनावर. ते इंजिन गेले त्या क्षणी ब्रॉफीचा टरेट जागच्या जागी थिजला. दाबाखालचे तेल नेणाऱ्या नळ्या विमानाच्या धडातूनच मागे जात. त्या फुटल्या आणि तेल पेटले. म्हणून आग नेमकी दोन गनरच्या मध्ये, बाहेर पडायच्या वाटेवर.

शेपटीच्या गनरला पॅराशूट अंगावर ठेवून बसता येत नसे, जागाच नव्हती. त्याची पिशवी टरेटच्या बाहेर, विमानाच्या आतल्या भिंतीला अडकवलेली असे. सुटायचा क्रम ठरलेला होता. टरेट सरळ मागे तोंड करून आणायचा, पाठीमागची सरकती दारे उघडायची, हात आत घालून पॅराशूट ओढायचे आणि छातीच्या पट्ट्यांना अडकवायचे. मग एक तर आतून मुख्य दारापर्यंत जायचे, नाहीतर टरेट पूर्ण आडवा फिरवायचा, म्हणजे तीच दारे विमानाबाहेर उघडतात, आणि पाठीवर उलटे झोकून द्यायचे.

ब्रॉफीने दारे थोडी उघडून पॅराशूट मिळवले होते. आतल्या वाटेवर आग असल्याने टरेट आडवा करणे एवढाच मार्ग उरला. दाब नव्हता म्हणून त्याने हाताने फिरवायचा दांडा वापरला आणि दांडा तुटून हातात आला. टरेट अर्ध्यात अडकला. दारे धड आत उघडत नव्हती, धड बाहेर.

इंटरकॉम बंद पडला की वैमानिक दिव्याने इशारा देई. विमान सोडण्यासाठी मोर्समधले ‘पी’ अक्षर लुकलुकवायचे, हा शिरस्ता होता. पुढचे पाच जण नाकाखालच्या झडपेतून गेले. मिनार्स्की आपल्या टरेटमधून खाली उतरून उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी पोहोचला. हे दार शेपटीच्या पंखाच्या जरा पुढे असते. तिथून उडी मारली असती तर तो बहुधा वाचला असता.

त्याला काचेतून ब्रॉफी अडकलेला दिसला. तो वळला आणि जळत्या तेलातून हातापायांवर रांगत शेपटीकडे गेला. आग विझवायची कुऱ्हाड टरेटच्या कडेला घालून पाहिली. ती चालेना तेव्हा हातांनी ओढले. तोवर त्याचे पॅराशूट आणि कमरेपर्यंतचे कपडे पेटले होते. ब्रॉफीने हातवारे करून त्याला परत जायला सांगितले. मिनार्स्की मागे सरकत गेला, ब्रॉफीवरची नजर न हटवता, कारण त्या चिंचोळ्या जागेत वळणे अवघडच. दाराशी जाऊन तो ताठ उभा राहिला, सलाम केला आणि उडी मारली.

खालच्या फ्रेंच गावकऱ्यांना आकाशातून पेटता गोळा उतरताना दिसला. तो जमिनीवर पोहोचला तेव्हा जिवंत होता. भाजल्याच्या जखमांनी त्याचा मृत्यू झाला. वय २७.

साक्षीदार

ब्रॉफी मरणार हे ठरल्यासारखेच होते. टरेटमध्ये अडकलेला गनर विमानाबरोबर जमिनीवर आदळतो. पण द ब्रेनने उडी मारेपर्यंत विमान समतोल धरून ठेवले होते, त्यामुळे ते सरळ कोसळले नाही. ते उथळ कोनात गोदिएम्प्रे गावाजवळ उतरत गेले. एक पंख झाडाला लागला, विमान गरकन फिरले, शेपटीचा टरेट तुटून बाजूला फेकला गेला आणि त्यातून ब्रॉफी बाहेर पडला, जवळपास धडधाकट. पोटात बॉम्ब तसेच होते. त्याच्या सांगण्याप्रमाणे वीसपैकी दोनच फुटले.

सात जणांत मेला तो एकटा मिनार्स्की. फ्लाइट इंजिनिअर आणि बॉम्ब एमर जर्मनांच्या हाती लागले. ब्रॉफीसह उरलेले चौघे फ्रेंच लोकांच्या मदतीने लपून राहिले आणि सुटले. सप्टेंबर १९४४ मध्ये ब्रॉफी इंग्लंडला परतला.

आता थोडे उलटे करून पाहू. ब्रॉफी टरेटसकट चिरडला असता तर उरलेल्या पाच जणांपैकी कोणीही मिनार्स्कीचे ते दोन-तीन मिनिटांचे काम सांगू शकला नसता. पुढच्यांना मागचे दिसतच नाही. पंखांना पेलणारी मुख्य तुळई, स्पार, विमानाच्या पोटात आडवी असते आणि त्यापलीकडे दोन्ही गनर अक्षरशः वेगळ्या जगात असतात. मिनार्स्की ‘उडी मारताना भाजून मेला’ एवढीच नोंद झाली असती, आणि कोणाला तीत काही चुकीचेही वाटले नसते.

म्हणून पदकाच्या शिफारशीला उशीर झाला. युद्ध संपल्यावर चमूतले लोक एकत्र आले, ब्रॉफीने सगळे द ब्रेनला सांगितले आणि मग हालचाल सुरू झाली. व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचे सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झाले ११ ऑक्टोबर १९४६ च्या लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात, मृत्यूनंतर सव्वादोन वर्षांनी.

एक तपशील मात्र सांभाळून वाचावा. गॅझेटमध्ये तो पेटत्या कपड्यांत सावधान उभा राहिला आणि सलाम करून उडी मारली असे आहे. ‘गुड नाइट, सर’ हे शब्द ब्रॉफीचे. उरलेल्या इंजिनांच्या आणि आगीच्या आवाजात ते ऐकू येणे शक्य नव्हते. त्याने ओठ हललेले पाहिले आणि रोजच्या थट्टेवरून शब्द ओळखले. ते खोटे आहे असे मुळीच म्हणायचे नाही. मित्राने मित्राचे ओळखले. पण लिहिताना ‘तो म्हणाला’ आणि ‘ब्रॉफीने ओळखले’ यांतला फरक ठेवावा.

कागद

अशाच एखाद्या मृत तरुणाची माहिती उभी करायची असेल तर या प्रकरणातून वाट दिसते, आणि खाचखळगेही.

पहिला खळगा तारखेचा. मोहीम १२ जूनच्या रात्री निघाली, मृत्यू १३ जूनला. गॅझेट १२ जूनच्या रात्रीची गोष्ट सांगते, कबरीवर १३ जून आहे. दोन्ही बरोबर. बॉम्बर कमांडच्या, म्हणजे ब्रिटनच्या बॉम्बफेकी दलाच्या, रात्री ‘१२/१३ जून’ अशाच लिहाव्यात. एकच तारीख धरली तर स्क्वॉड्रनच्या नोंदवहीत आपण चुकीच्या पानावर जातो.

दुसरा खळगा विमानाच्या ओळखीचा. केबी ७२६ हा हवाई दलाच्या नोंदीतला विमानाचा क्रमांक, तो दुसऱ्या विमानाला मिळत नाही. ‘व्हीआर-ए’ ही अंगावर रंगवलेली अक्षरे: व्हीआर म्हणजे ४१९ स्क्वॉड्रन, ए म्हणजे त्यातले एक विमान. एक विमान पडले की तेच अक्षर पुढच्याला देत. छायाचित्रात ‘ए’ दिसले म्हणून ते विमान हेच, असे धरू नये.

तिसरा हुद्द्याचा. मिनार्स्की पायलट ऑफिसर झाला तो अगदी शेवटी. ‘पायलट’ हा फक्त हुद्दा. विमान चालवण्याशी संबंध नाही. अधिकारी झाल्यावर क्रमांकही बदले: कॅनडाच्या अधिकाऱ्यांच्या क्रमांकाआधी ‘जे’ असे, शिपाई-सार्जंट वर्गाच्या आधी ‘आर’. गॅझेटमध्ये त्याचा क्रमांक जे/८७५४४ आहे. भरतीपासूनचे कागद शोधताना जुना क्रमांकही लागतो.

चौथा देशाचा. स्क्वॉड्रन कॅनडाची, पण फ्लाइट इंजिनिअर ब्रिटनच्या हवाई दलाचा, आरएएफचा. कॅनडाच्या तुकड्यांत असे सर्रास होते. म्हणजे एकाच विमानातल्या सात जणांचे कागद दोन देशांत. युद्धात मेलेल्या कॅनेडियनांच्या सेवा-फाइली ओटावाच्या लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज कॅनडामध्ये खुल्या आहेत. स्क्वॉड्रनच्या नोंदवह्या लंडनच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये एआयआर २७ मालिकेत आहेत. तिथे फॉर्म ५४० हा महिन्याचा गोषवारा आणि फॉर्म ५४१ हा प्रत्येक विमानाचा तपशील. आधी ५४१ वाचावा. लपून परतलेल्यांचे जबाब तिथल्याच डब्ल्यूओ २०८ मध्ये, कैदेतून सुटलेल्यांच्या प्रश्नावल्या डब्ल्यूओ ३४४ मध्ये. शोध मृताच्या नावाने थांबला तर उरलेल्या सहा नावांनी तो पुन्हा करावा. मेलेल्याचे शेवटचे क्षण बहुतेक वेळा वाचलेल्याच्या जबाबात सापडतात.

पाचवा खळगा कबरीचा. विमान पडले गोदिएम्प्रेजवळ, पा-द-कॅलेत. कबर आहे सोम विभागातल्या मेहारिकूर गावच्या दफनभूमीत, सुमारे ४५ किलोमीटर दक्षिणेला. अपघाताच्या गावात कबर शोधत बसलेल्याला काहीच मिळणार नाही. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या यादीत नावावरून शोधावे, गावावरून नाही. कमिशनच्या शिळा एकाच मापाच्या, हुद्दा कोणताही असो: ८१३ मिलिमीटर उंच, ३८१ रुंद. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्याच्या शिळेवर नेहमीच्या क्रॉसच्या जागी त्या पदकाची आकृती कोरतात. तळाशी कुटुंबाच्या ओळीसाठी अक्षरांची मर्यादा होती, मधल्या मोकळ्या जागांसह.

ज्यांना कबर नाही ते इंग्लंडमधल्या रनीमीडच्या स्मारकावर, २० हजारांहून जास्त नावे. बॉम्बर कमांडचे एकूण मृत ५५,५७३, आणि उड्डाण करणारे होते सव्वा लाखाच्या आसपास. युद्ध संपल्यावर आरएएफच्या शोधपथकांनी सुमारे ४२ हजार बेपत्तांचा माग घेतला. विमानाच्या अवशेषांवरचा इंजिन क्रमांक, कपड्यांवरचा धोब्याचा शिक्का, गावच्या पाद्र्याची वही, अशा धाग्यांनी ते नावापर्यंत पोहोचत.

एवढे लोक मेले त्यात सुटायच्या वाटेचाही वाटा होता. बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात तेव्हा कोवळ्या वयाचा फ्रीमन डायसन, पुढे नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ, काम करत होता. त्याने नंतर लिहिले की पाडलेल्या लँकॅस्टरमधले जेमतेम १५ टक्के लोक जिवंत सुटत, हॅलिफॅक्स या दुसऱ्या ब्रिटिश बॉम्बरमधले २५ टक्के, अमेरिकन विमानांतले निम्मे. लँकॅस्टरच्या पुढच्या झडपेची रुंदी होती २२ इंच. पॅराशूट बांधलेल्या माणसाला, अंधारात, गरगरणाऱ्या विमानात. या हिशेबात केबी ७२६ चे सातपैकी सहा जगणे हा अपवादच.

विमान

आज लोकांना मिनार्स्की माहीत असतो तो बहुधा एका विमानामुळे. ऑंटारिओतल्या हॅमिल्टन इथे कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज संग्रहालयाचे एफएम २१३ हे लँकॅस्टर आहे. ते व्हिक्टरी एअरक्राफ्टच्या माल्टन कारखान्यात १९४५ मध्ये तयार झाले. केबी ७२६ ही याच कारखान्यातले. १९६० च्या दशकापर्यंत ते सागरी गस्त आणि बचावकामात होते, मग गॉडरिच गावात खांबांवर शोभेला उभे राहिले. १९७९ मध्ये हेलिकॉप्टरने उचलून हॅमिल्टनला आणले, आणि नऊ वर्षांच्या दुरुस्तीनंतर सप्टेंबर १९८८ मध्ये ते पुन्हा उडाले. अंगावर ‘व्हीआर-ए’ आणि केबी ७२६ रंगवले आहे. पाहणाऱ्यांचा इथे नेहमी घोळ होतो: हे ते विमान नव्हे. ते विमान गोदिएम्प्रेच्या शेतात जळाले. जगात उडणारी लँकॅस्टर दोनच आहेत, दुसरे ब्रिटनमध्ये. २०१४ मध्ये एफएम २१३ अटलांटिक ओलांडून गेले आणि दोघे एकत्र उडाले.

विमान उरते तेव्हा माणूस विसरला जातो, असेही घडते. लंडनच्या हेंडन संग्रहालयात आर ५८६८ हे लँकॅस्टर उभे आहे, शंभरावर मोहिमा केलेले. ८३ स्क्वॉड्रनमध्ये असताना त्यातून उडालेल्यांत एक नॅव्हिगेटर होते शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. त्यांना डीएफसी हे उड्डाणातल्या शौर्याचे पदक मिळाले आणि ते सुखरूप परतले. त्या विमानासमोर फोटो काढून आलेल्या किती मराठी माणसांना हे नाव ठाऊक असते?

मिडलटन सेंट जॉर्जचा तळ आता टीसाइडचा विमानतळ आहे. तिथे २००५ मध्ये स्थानिक वृत्तपत्राच्या वाचकांनी वर्गणी काढून मिनार्स्कीचा पुतळा उभारला. मॅनिटोबा प्रांताची रीत वेगळी. तिथे युद्धात मेलेल्या प्रांतातल्या जवानांची नावे तळ्यांना, बेटांना, खाड्यांना दिली जातात, आजवर ४,२०० हून अधिक. त्यासाठी पदक लागत नाही आणि साक्षीदारही लागत नाही. त्या नकाशावर मिनार्स्कीच्या तळ्यांच्या आसपास अशीही नावे आहेत ज्यांच्या विमानातून कोणीच जिवंत बाहेर पडले नाही.